दुखायच्या आधी द्यायचं औषध

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी. तिच्या संशोधनाचं मूळ प्रयोगशाळेत नाही, औषधाच्या वेळापत्रकात आहे. १९४८ नंतर सिसिली साँडर्स लंडनच्या सेंट ल्यूक्स इस्पितळात स्वयंसेविका म्हणून जायच्या. मरणपंथाला लागलेल्या गरीब रुग्णांसाठीचं हे इस्पितळ. तिथल्या नर्सेस मॉर्फिन हे जालीम वेदनाशामक ठरल्या वेळी, तोंडावाटे द्यायच्या. दुखणं उसळायची वाट पाहायच्या नाहीत. बाकी ठिकाणी उलटा प्रकार. रुग्णाने कळवळायचं, नर्सला हाका मारायच्या, मग इंजेक्शन मिळणार. त्याचा असर उतरला की पुन्हा तेच. सवय लागेल म्हणून डॉक्टर मॉर्फिनला हात आखडता घ्यायचे. चार दिवसांच्या सोबत्याला व्यसन लागेल ही भीती हास्यास्पद वाटते खरी, पण ती अजून पुरती गेलेली नाही.

साँडर्स मुळात नर्स. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणाऱ्यांकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच, तेव्हा आधी डॉक्टर व्हा, असं एका सर्जनने सुचवलं. १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्या डॉक्टर झाल्या. पुढच्या वर्षापासून सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, त्यांनी हजाराहून जास्त रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. नियमित मॉर्फिन मिळणारे रुग्ण गुंगीत पडून न राहता बोलत-चालत असत, हे त्यातून कागदावर आलं. या नोंदींच्या जोरावरच १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं.

तिथे हेरॉइन वापरायची प्रथा होती. ते मॉर्फिनपेक्षा सरस, असा समज. सत्तरच्या दशकात डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी तिथेच दोन्हींची तुलना केली. नियमित, तोंडावाटे दिलं तर फरक नगण्य! आपल्याच घरातला समज तपासून मोडणं हे मला या संस्थेचं सर्वांत मोठं काम वाटतं. हेरॉइनला बहुतेक देशांत बंदी होती, त्यामुळे या निष्कर्षाने मॉर्फिनची वाट जगभर मोकळी झाली. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिनच होतं.

मधल्या काळात, १९७५ मध्ये, डॉ. बाल्फोर माउंट यांनी कॅनडातल्या माँट्रियलच्या रुग्णालयात हॉस्पिससारखा विभाग काढला. फ्रेंचमध्ये ‘हॉस्पिस’ म्हटलं की अनाथ-निराधारांचा आश्रम डोळ्यांपुढे येई, म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव घेतलं.

मोठा धक्का १९९५ चा. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत ९,१०५ गंभीर रुग्णांवर ‘सपोर्ट’ नावाचा अभ्यास झाला. पहिल्या टप्प्यात नुसतं निरीक्षण होतं. ज्या रुग्णांना सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून सुरू करण्याचा उपचार) नको होता, त्यांची ही इच्छा जेमतेम ४७ टक्के डॉक्टरांना ठाऊक होती. शुद्धीवर असताना रुग्णालयात वारलेल्यांपैकी निम्म्यांना अखेरीस किमान निम्मा वेळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असं नातेवाइकांनी सांगितलं. मग उपाय केला. खास नर्स नेमल्या, रुग्ण किती जगेल याचे अंदाज आणि त्याची इच्छा डॉक्टरांच्या हाती दिली. फरक शून्य. माहितीचा कागद पोचला, वागणं जागच्या जागीच राहिलं.

त्यामुळे पुढचा प्रश्न ‘काय सांगायचं’ याऐवजी ‘कधी सुरू करायचं’ असा झाला. बोस्टनमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच कळलेल्या १५१ जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम दिली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष आले. या गटाचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी दिसलं, अखेरचे आक्रमक उपचारही कमी झाले. तरी हयातीचा मध्यक ११.६ महिने, दुसऱ्या गटाचा ८.९. आयुष्य वाढल्याचं पुढच्या सगळ्याच अभ्यासांत दिसलं नाही, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरावा.

ब्रिटनमधली ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ ही अखेरच्या दिवसांतल्या काळजीची पद्धत मात्र उलटी फिरली. हॉस्पिसमधली काळजी रुग्णालयात आणायची, हा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चौकटीत टिक करण्याचं काम उरलं, घरच्यांना न विचारताच रुग्ण त्यात घातले गेल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०१३ च्या चौकशीनंतर ती मोडीत निघाली.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला. जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या मॉर्फिनसारख्या औषधांचं वजन सुमारे २९८.५ टन, त्यातलं गरीब देशांच्या वाट्याला येतं ०.१ टन.