सिगारेटवरचा आरोप सिद्ध कसा झाला?

१९२२ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने ६१२ माणसं गेल्याची नोंद झाली. १९४७ साली हा आकडा ९,२८७ वर पोचला. पंचवीस वर्षांत पंधरापट! लोकसंख्या वाढली होती, एक्स-रेमुळे निदानही सुधारलं होतं. पण एवढ्यावरून पंधरापट वाढीचा हिशेब लागत नव्हता. मोटारींच्या धुरावर संशय होता, रस्त्यांवरच्या डांबरावर होता. सिगारेटचंही नाव घेतलं जाई, पण अडचण अशी की त्या काळी ब्रिटनमधले बहुतेक पुरुष तंबाखू ओढत. जी गोष्ट जवळपास सगळेच करतात, तिच्यामुळे काही जण मरतात हे दाखवायचं कसं?

हे काम ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल यांच्याकडे आलं. हिल यांना तरुणपणी क्षय झाला, डॉक्टर होणं राहून गेलं आणि ते संख्याशास्त्राकडे वळले. डॉल डॉक्टर होते आणि तेव्हा स्वतःही सिगारेट ओढत. दोघांनी लंडनमधल्या २० रुग्णालयांतले फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण घेतले आणि तुलनेसाठी त्याच वयोगटातले, इतर आजारांचे तेवढेच रुग्ण घेतले. सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारले गेले: कधीपासून ओढता, दिवसाला किती, मध्ये सोडली होती का. १९५० साली निष्कर्ष छापून आले. कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच तंबाखू न ओढलेले फक्त २ होते. इतर आजारांच्या तेवढ्याच पुरुषांत २७. दिवसाला २५ किंवा जास्त सिगारेटी ओढणारे कॅन्सरच्या गटात २६ टक्के, तर दुसऱ्या गटात १३.५ टक्के. ‘ओढतो की नाही’ एवढंच विचारून भागलं नसतं, ‘किती ओढतो’ यात खरा फरक दडलेला होता.

यावर एक रास्त शंका येते. समोरच्याला कॅन्सर आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो नकळत खोदून खोदून विचारेल आणि आकडा फुगेल. या शंकेचं उत्तर अभ्यासातच मिळालं, आणि मला तरी त्या लेखातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. काही रुग्णांना प्रश्न विचारले गेले ते फुफ्फुसाचा कॅन्सर आहे असं समजून, पण पुढे निदान चुकीचं ठरलं. विचारणाऱ्याच्या मनाचा कल उत्तरांत उतरत असता, तर या लोकांचे आकडे कॅन्सरच्या रुग्णांसारखे दिसायला हवे होते. ते दिसले दुसऱ्या गटासारखे. म्हणजे फरक विचारणाऱ्याच्या डोक्यात नव्हता, रुग्णांच्या सवयीतच होता.

तरीही रुग्णालयातल्या खाटांवरून मृत्युदर काढता येत नाही. दर काढायचा तर किती गेले याबरोबर किती जणांमधून गेले हेही हवं. त्यासाठी धडधाकट माणसांपासून सुरुवात करून वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहावं लागतं. १९५१ च्या ऑक्टोबरअखेरीस डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधल्या सुमारे ६० हजार डॉक्टरांना पत्रं पाठवली. ही निवड फार विचारपूर्वक होती. डॉक्टरांची नोंदणी असते, त्यामुळे ते हरवत नाहीत. आणि स्वतःच्या सवयीबद्दल ते नेमकं लिहितील अशी अपेक्षा ठेवता येते. ४० हजारांहून अधिक जणांची वापरता येतील अशी उत्तरं आली. त्यानंतर मृत्यूचे दाखले येत गेले आणि प्रत्येक दाखला त्या डॉक्टरने स्वतः लिहून दिलेल्या सवयीशी जुळवला गेला.

१९५६ पर्यंत चित्र स्पष्ट झालं. ३५ वर्षांवरच्या पुरुष डॉक्टरांत फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा वार्षिक दर, तंबाखू न ओढणाऱ्यांत हजारी ०.०७ होता, दिवसाला २५ ग्रॅम किंवा जास्त ओढणाऱ्यांत १.६६. एका सिगारेटला साधारण एक ग्रॅम धरा. मधल्या गटांचे दर मधेच पडत होते, जितकी तंबाखू जास्त तितका दर जास्त. हे आकडे वाचताना एक भान हवं. चोवीसपट धोका फुफ्फुसाच्या कॅन्सरचा. पण हृदयरोगाने मुळातच खूप माणसं मरतात, त्यामुळे तिथे पट लहान असूनही धूम्रपानापायी गेलेल्या जादा जिवांची संख्या कॅन्सरहून मोठी निघाली.

विरोधकही लहान नव्हते. आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक रोनाल्ड फिशर म्हणाले, माणसाला सिगारेटकडे ओढणारा आणि कॅन्सरही देणारा एखादा जन्मजात गुण असू शकेल. आक्षेप तर्काला धरून होता. १९५९ साली जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला गणितानेच उत्तर दिलं: धूम्रपान करणाऱ्यांचा धोका नऊपट असेल आणि सगळा दोष त्या छुप्या गुणाचा असेल, तर तो गुण त्यांच्यात निदान नऊपट जास्त आढळायला हवा. असा गुण कुणी दाखवू शकलं नाही. शिवाय सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा कमी होत जातो. जन्मजात गुण सिगारेट विझवल्यावर बदलत नसतो.

डॉक्टरांचा माग पन्नास वर्षं चालला. २००४ चा निष्कर्ष सांगतो की १९०० ते १९३० च्या दरम्यान जन्मलेल्यांपैकी जे ओढत राहिले, ते न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे ३ वर्षं वाचवली, पन्नाशीत ६, चाळिशीत ९. तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी.

आपल्याकडे डॉक्टरांच्या नोंदणीची जागा मतदार यादीने घेतली. १९९१ पासून मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी यादीतल्या पत्त्यांवर घरोघर जाऊन पस्तिशीपुढच्या लोकांना तंबाखूच्या सवयी विचारल्या आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन कोण हयात आहे ते पाहिलं. तंबाखूला न शिवलेल्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा, कोणत्याही कारणाने मरण्याचा धोका १.३७ पट निघाला. विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कितीतरी कमी असते, म्हणून ती सौम्य असं आजही सर्रास सांगितलं जातं. पण विडीचं पान सहज जळत नाही. ती विझू नये म्हणून झुरके वरचेवर आणि खोल घ्यावे लागतात, आणि तो सगळा धूर फुफ्फुसांत उतरतो.