बीपीची सुरुवात चाळिशीत नव्हे, पोटात

सुकी मासळी, लोणचं आणि वय. आमच्या मालवणकडे बीपीचा दोष या तिघांवर टाकून लोक मोकळे होतात. मिठाचा वाटा खराच, पण गोष्ट खूप आधी सुरू होते. मीठ-पाणी गाळून रक्तदाब सांभाळणाऱ्या मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मानंतर नवी एकही बनत नाही. म्हणजे पोटात वाढ कमी झाली, तर गाळण्या कायमच्या कमी राहू शकतात. इंग्लंडचे डॉक्टर डेव्हिड बार्कर यांच्या १९८९च्या अभ्यासात जन्मवजन कमी असलेल्यांचा रक्तदाब पुढे अधिक आढळला. म्हणूनच गरोदर सुनेला 'कमी जेव, बाळ लहान राहील, सुटका सोपी होईल' असं सांगणं मला घातक वाटतं. पोटभर जेवू द्या तिला!

दुसरा धागा आतड्यातला. तिथले जिवाणू नाचणी, कुळीथ, पालेभाजी यांतला चोथा आंबवून काही आम्लं बनवतात. उंदरांमध्ये या आम्लांनी रक्तदाब उतरलेला दिसला आहे. उलट जास्त मिठाने उंदरांच्या आतड्यातले लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू घटले, हे २०१७मध्ये समोर आलं. माणसांवरचे अभ्यास अजून चालू आहेत.

आईच्या दुधातल्या काही शर्करा तर बाळाला पचतच नाहीत. त्या त्याच्या पोटातल्या जिवाणूंचं अन्न असतात. तरी काही घरांत अजून पहिला चीक पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात.