दम्याच्या पंपाची सवय लागते का?

पावसात भिंतींना बुरसा धरला की आमच्या फोंड्यातल्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड ठरलेला: "पंप एकदा लावला की सुटत नाही, हार्ट कमजोर होतं, त्यापेक्षा गोळी बरी."

भीती वाटणं साहजिकच आहे, पंप ओढला की मावशीचा चहाचा कप बशीत वाजायचा, छातीत धडधडायचं. पण होतं काय, तर अॅड्रेनालिन हे शरीरातलं हार्मोन पेशींवरच्या रिसेप्टरवर कुलपात किल्ली बसावी तसं बसतं, या कुलपांचे प्रकार असतात, श्वासनळीत बीटा-२ आणि हृदयात जास्त करून बीटा-१. पंपातलं साल्ब्युटामॉल हे औषधही मुख्यतः बीटा-२ ची किल्ली, ते नळी सैल करतं, पण थोडं रक्तात उतरतं आणि हातांच्या स्नायूंतही बीटा-२ आहेतच, म्हणून ती थरथर, जी थोड्या वेळाने जाते.

आता गोळी. लेबल स्वतः वाचा: पंपाच्या एका पफला १०० मायक्रोग्रॅम, त्याच औषधाच्या गोळीत २ नायतर ४ मिलिग्रॅम. म्हणजे ४ वाली एका पफच्या ४० पट, आणि ती अंगभर फिरते! मग धडधड कशाने जास्त होणार?

सवयीचं म्हणाल तर पंप सुटत नाही कारण दमाच जुनाट असतो. हां, हा आरामाचा पंप आठवड्यात दोनापेक्षा जास्त वेळा लागत असेल तर आतली सूज आटोक्यात नाही, तिला स्टिरॉइडवाला रोजचा पंप लागतो, डॉक्टरला दाखवा. आणि बीपीची प्रोप्रॅनोलॉल ही गोळी हेच रिसेप्टर अडवते, त्यामुळे ती घेण्याआधी दमा आहे हे सांगायला विसरू नका.