भिकाऱ्यांचे जेवण

गोव्यातील रोमन कॅथलिक कुटुंबांत लग्नकार्यापूर्वी दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना घातले जाणारे जेवण. पंगत जमिनीवर मांडली जात असल्याने त्याला भुंयजेवण असेही म्हणतात. ही चाल मुख्यतः तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादींतील (पोर्तुगिजांनी प्रथम जिंकलेल्या मुलखातील), म्हणजे सोळाव्या शतकात धर्मांतर झालेल्या प्रदेशातील होय.

धर्मशास्त्रीय आधार सर्वपरिचित आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (25:35) भुकेल्याला दिलेले अन्न प्रत्यक्ष ख्रिस्ताला दिल्यासारखे मानले आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात (14:12–14) मेजवानीला श्रीमंत शेजाऱ्यांऐवजी परतफेड करू न शकणाऱ्या दरिद्री, लंगड्या व आंधळ्या लोकांना बोलवावे असा उपदेश आहे. लग्नाच्या मेजवानीआधी ही पंगत बसते, ही गोष्ट या दुसऱ्या उताऱ्याशी विशेष जुळणारी आहे. मत्तयाने सांगितलेल्या सहा कृत्यांत मृतांना मूठमाती देण्याच्या सातव्या कृत्याची भर घालून चर्चने सात शारीरिक दयाकृत्यांची यादी केली, आणि तिच्या जोडीला सात आध्यात्मिक दयाकृत्ये मानली. या चौदा कृत्यांनाच वाहिलेला मिझरिकॉर्दिया हा बंधुसंघ 1498 मध्ये राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने लिस्बनमध्ये निघाला. त्याची गोव्यातील शाखा सामान्यतः 1515 ते 1520 च्या दरम्यानची मानली जाते. मात्र मिझरिकॉर्दियाचे दान संस्थेमार्फत होई आणि येथे यजमान स्वतः वाढतो, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ही चाल पोर्तुगालमधून आली. शुद्धिस्थानातील, म्हणजे स्वर्गप्राप्तीआधी पापक्षालनासाठी थांबलेल्या, आत्म्यांच्या सुटकेसाठी दानधर्म करण्याची रीत तेथे रूढ होती. त्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांचे साहाय्य होते, ही शिकवण ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये पुन्हा ठामपणे मांडली, आणि 1567 मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक परिषदेपासून ट्रेंटचे धोरण येथे लागू होऊ लागले. पवित्र आत्म्याच्या सणाला गरिबांना अन्न वाटण्याची पोर्तुगालमधील व अझोर्स बेटांवरील ‘बोदो’ ही प्रथाही या संदर्भात पुढे केली जाते. दुसरे मत या जेवणात धर्मांतरापूर्वीच्या पितृपूजेचा अवशेष पाहते. विवाहादी मंगलकार्याच्या आरंभी पितरांना आवाहन करून केले जाणारे नांदीश्राद्ध हे त्याचे निकटचे साम्य ठरते, कारण दोन्हींत प्रसंग शोकाचा नसून लग्नाचा आहे आणि दोन्हींत पूर्वजांचा आशीर्वाद मागितला जातो. याउलट बोदो हा सार्वजनिक सण असून कोणा एका घराच्या मृतांशी त्याचा संबंध नसतो. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये काढलेल्या फर्मानाने लग्न, जन्म व मृत्यू या प्रसंगांच्या अनेक देशी चालींवर बंदी घातली होती, त्यांत वधूवरांना हळद, दूध इत्यादींचे लेपन करण्याचाही समावेश होता. तरीही नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ आजतागायत टिकून आहे. तेव्हा जेवणही तसेच टिकणे असंभाव्य नाही. त्यातही पितरांच्या जागी शुद्धिस्थानातील आत्मे आणि ब्राह्मणाच्या जागी भिकारी आल्यावर त्यावर आक्षेप घेण्यास धर्माधिकाऱ्यांना फारसे कारण उरले नसावे. एकूण पाहता आराखडा देशी व अर्थ ख्रिस्ती, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जेवणाचा दिवस बहुधा लग्नाच्या आठवड्यात, चुडा (वधूला बांगड्या भरण्याचा विधी) व रोस यांच्या आधी धरला जातो. पानात भात, सामाराची कडी, एखादी भाजी व गोडाला वोण असते. सामाराची कडी नारळाच्या रसात खास मसाला घालून केली जाते. तीत सुकी सुंगटे (कोळंबी) आणि आंबटपणासाठी कैरी किंवा सोले (आमसुले) पडतात. चण्याची डाळ, गूळ व नारळाचा रस आटवून वोण होते. हे सारे जिन्नस पावसाळ्यासाठी साठविलेल्या पुरुमेंतातले किंवा परसातले असल्याने बेताच्या घरालाही हे जेवण झेपत असे. (लग्नाच्या मुख्य मेजवानीतले सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे कालवण, येथे नसते, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे.) जेवण झाल्यावर दिवंगतांसाठी प्रार्थना होते व पाहुण्यांना दक्षिणेदाखल काही दिले जाते. लदिनीनंतर (घरी किंवा क्रुसापाशी म्हटल्या जाणाऱ्या सामुदायिक प्रार्थनेनंतर) वाटले जाणारे उकडलेले चणे मात्र वेगळ्या प्रकारात मोडतात, कारण ते जमलेल्या सर्वांसाठी असतात.

लग्ने सभागृहांत होऊ लागल्यापासून पंगतीऐवजी वृद्धाश्रमात किंवा अनाथाश्रमात शिजवलेले अन्न पाठविण्याकडे, कधी तेवढी रक्कम देण्याकडे, अनेक कुटुंबांचा कल दिसतो. अशा वेळी यजमानाने स्वतः वाढण्याचा भाग गळतो आणि दिवंगतांच्या नावाने चर्चमध्ये मीस (प्रार्थनाविधी) सांगितली जाते.