अश्वशक्ती सारखी, ओढ दुप्पट: डिझेलचा पिकअप की पेट्रोलचा?

माझा भाचा अंबड तालुक्यातून रोज जालन्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. घरी मोसंबीची बाग आणि थोडा कापूस. कामावरही जाता येईल आणि मालही नेता येईल असा पिकअप घ्यायचं त्याच्या डोक्यात बसलंय. परवा दोन माहितीपत्रकं घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, पेट्रोलवाल्याची ताकद ८० आहे अन् डिझेलवाल्याची ७५. मग डिझेलला तीन-चार लाख जास्त कशाचे मोजायचे?"

त्याने वाचलं ते खरंच होतं. सुपर कॅरी या मारुतीच्या छोट्या मालगाडीच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची अश्वशक्ती ८०च्या आसपास आहे आणि बोलेरो पिकअपच्या अडीच लिटर डिझेलची ७५च्या आसपास. फक्त त्याच्या खालची ओळ त्याने वाचली नव्हती. ती टॉर्कची. पेट्रोलला १०४ न्यूटन-मीटर, डिझेलला जवळपास २००.

टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर, आणि अश्वशक्ती म्हणजे तो जोर गुणिले इंजिनाचे फेरे. पेट्रोल इंजिन मिनिटाला ६,००० फेरे मारतं तेव्हा कुठे त्याचे ८० घोडे जमतात. डिझेल ३,२००च्या आसपासच आपले ७५ पुरे करतं, आणि त्याचा खरा जोर तर त्याच्याही बराच खाली, दीड-दोन हजार फेऱ्यांत मिळतो. शेताच्या बांधावरून भरलेली गाडी काढताना किंवा मांजरसुंब्याचा घाट चढताना इंजिन ६,००० फेऱ्यांवर कोणी ठेवत नाही. तिथे खालचा जोरच लागतो. माळेगावच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला माणूस तो औताला जुंपायचा विचार करत नाही, आणि लाल कंधारी बैलावर बसून कोणी शर्यतीला जात नाही. दोन्ही जनावरं ताकदीचीच.

डिझेलचं इंजिन आकाराने दुप्पट आहे हे तर आहेच, पण फरक इंधनाचाही आहे. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोलमध्ये हा दाब साधारण दहा-अकरा पटच असतो, त्याच्यावर गेलं की इंजिन ठोकायला लागतं. जास्त दाबामुळे त्याच उष्णतेतून जास्त काम निघतं. त्यात डिझेलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा मुळातच जास्त, आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ही तफावत वीस टक्क्यांवर जाते. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचं ॲव्हरेज खातं, आता याला काय म्हणायचं!

आता पैशाकडे येऊ. हिशोबापुरतं पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरा. परभणीकरांनी वर थोडे आणखी धरावेत, मनमाडच्या इंधन डेपोपासून लांब असल्याची किंमत ते वर्षानुवर्षं मोजतायत. पेट्रोलची छोटी गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि डिझेलचा पिकअप १४, असं समजलं तर किलोमीटरला दोघांचाही खर्च साडेसहा रुपयांच्या आसपासच येतो. नुसता माणूस बसवून जालन्याला जायचं असेल तर इंधनात काडीचाही फरक नाही, आणि वरचे तीन-चार लाख मात्र खिशातून गेलेच.

माल भरला की चित्र पालटतं. पेट्रोलवाल्याचं पासिंग, म्हणजे कायद्याने भरता येणारा माल, साडेसात क्विंटलच्या आत, पिकअपचं सतरा क्विंटलपर्यंत. पूर्ण भरल्यावर क्विंटलमागे एका किलोमीटरला पेट्रोलचे ८९ पैसे पडतात आणि डिझेलचे ३९. पण हे दोन्ही आकडे हौदा भरलेला असतानाचे आहेत, आणि भाच्याच्या गाडीचा हौदा वर्षातून किती दिवस भरलेला असणार, हे त्याने मोजलेलंच नव्हतं.

आम्ही बसून मोजलं. मोसंबीचा बहार, कापूस, एखादी लग्नसराई, सगळं धरून चाळीस दिवस. चौदा क्विंटल माल जालन्याला न्यायचा तर छोट्या गाडीला दोन खेपा लागतील, म्हणजे दिवसाला साठ किलोमीटर जादा, साधारण ३९० रुपये. चाळीस दिवसांचे १५,६०० रुपये. या बचतीतून तीन लाख वसूल व्हायला एकोणीस वर्षं लागतील, तोवर गाडी भंगारात गेलेली असेल. हेच दिवस दोनशे असते तर चार वर्षांच्या आत पैसे फिटले असते आणि मीच त्याला म्हटलं असतं, डिझेल घे, विचार करू नको.

मोठ्या रकमेपेक्षा मला काळजी वाटली ती त्याच्या रोजच्या छोट्या चकरांची. २०२० च्या एप्रिलपासून गाड्यांच्या धुराचे कडक नियम, बीएस-६, लागू झाले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, आली. तिच्यात साठलेली काजळी जाळायला धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी सलग काही वेळ वेगात धावली पाहिजे. गावात, बाजारात, शाळेपर्यंत आणि परत अशी तुकड्या-तुकड्यांनी चालवली तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि पुढे गाडी जोरच द्यायचं बंद करते. जालन्याचा तीस किलोमीटरचा रस्ता मोकळा असेल तर जमून जातं. माझ्यासारख्या, दुकान ते गोदाम करणाऱ्याला मात्र नव्या डिझेलमध्ये पडू नये असंच वाटतं.

काही डिझेल गाड्यांना वेगळा युरियाही लागतो, ड्रायव्हर त्याला डीईएफ म्हणतात. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. खताच्या गोणीतला युरिया कालवून टाकायची कल्पना आमच्या चावडीवर एकदा निघाली होती. तो निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो, २०१५ पासून सगळाच. टाकला तर धूर साफ करणारी अख्खी यंत्रणा बिघडते आणि तिचा खर्च गोणीच्या कितीतरी पट येतो.

ओढण्याचाही एक मुद्दा राहिला. भाच्याला पिकअपमागे ट्रॉली जोडून उन्हाळ्यात पाणी आणायचं होतं. हजार लिटर पाणी म्हणजे सरळ एक टन, वर टाकी आणि ट्रॉलीचं वजन वेगळं. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते. त्यातून ओढण्यापेक्षा थांबवणं अवघड: डिझेल एवढं वजन ओढेल, पण उतारावर ब्रेक नसलेली ट्रॉली मागून ढकलत आली की पुढच्या गाडीचे ब्रेक ते सगळं एकटेच पेलणार. त्या कामाला गावातला ट्रॅक्टर बरा, मग गाडी कुठल्याही इंधनाची असो.

मी त्याला पेट्रोलची छोटी गाडी घे म्हणून सांगितलं आणि बहाराच्या दिवसांत भाड्याने पिकअप लाव म्हणालो. त्याला पटलं, पण चेहरा पडला. मित्राच्या दारात डिझेलचा पिकअप उभा आहे ना. बुकिंग अजून केलेलं नाही, कापूस घरात येईपर्यंत थांबतो म्हणतो.