डॉक्युमेंटेशनसाठी मेनू निवडताना

सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन पहिल्या पानापासून क्रमाने वाचणारे थोडेच. बहुतेक जण गूगलवरून थेट मधल्या एखाद्या पानावर उतरतात. म्हणून मेनूने आधी ‘आपण कुठे आहोत’ हे दाखवायला हवं. यासाठी डावीकडे कायम दिसणारी, साध्या लिंकची, फार तर दोन पातळ्यांची उभी यादी पुरते.

माउस नेल्यावर बाजूला उघडणारे मेनू टाळावेत. अरुंद पट्टीतून कर्सर नेण्याचा वेळ पट्टीच्या लांबीला रुंदीने भागून येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात वाढतो, हे अ‍ॅकॉट आणि झाय या संशोधकांनी 1997 मध्ये मांडलं. मेनूच्या 200 पिक्सेल लांब आणि 25 पिक्सेल उंच ओळीतून आडवं जायचं, तर ओळीची उंची हीच पट्टीची रुंदी, आणि तो आकडा 8. उंची 40 केली की 5. कर्सर जरा वर-खाली झाला की भलताच उपमेनू उघडतो. मोबाइलवर तर ‘माउस नेणं’ हा प्रकारच नाही.

‘मेनूत सातच नोंदी हव्यात’ हा समज मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या 1956 च्या निबंधावरून पसरला. तो निबंध लक्षात ठेवण्याच्या मर्यादेविषयी आहे. समोर दिसणारी यादी पाठ करावी लागत नाही. नीट गट पाडलेल्या पंधरा-वीस लिंक चालतात. चार पातळ्या खाली दडवलेली लिंक मात्र सापडत नाही.

खरी मेहनत शीर्षकांवर घ्यावी. पिरोली आणि कार्ड या संशोधकांच्या सिद्धान्तानुसार वाचक शब्दांचा माग काढत पुढे जातो. ‘इतर’, ‘प्रगत’, ‘अधिक माहिती’ यांतून कसलाच माग लागत नाही. ‘डेटाबेसचा बॅकअप घेणे’ यातून लगेच लागतो. जँगो (Django) या वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनमधले गट याच कारणाने आवडतात: शिकवणी, विषयवार मार्गदर्शन, संदर्भ, आणि विशिष्ट काम कसं करायचं ते.

बांधणीत एचटीएमएलची साधी यादी ‘नॅव्ह’ (nav) टॅगमध्ये ठेवावी, म्हणजे जावास्क्रिप्ट बंद असली तरी मेनू चालतो. चालू पानाला फक्त रंग देऊन भागत नाही, कारण दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला रंग कळत नाही. त्यासाठी त्या लिंकला ‘एरिया-करंट’ (aria-current) ही खूण लावावी. कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी सुरुवातीलाच ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही लिंक हवी.

रंगरूप ठरवण्याआधी नुसती शीर्षकं कागदावर लिहावीत, आठ-दहा खरी कामं द्यावीत आणि ‘हे कुठे शोधाल?’ असं नव्या वापरकर्त्यांना विचारावं. बरेच जण एकाच चुकीच्या गटाकडे वळले, तर शीर्षक बदलावं किंवा पान त्याच गटात हलवावं. हलवताना जुन्या पत्त्यावर 301 रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर आपोआप नेणारी कायमची सूचना) ठेवावा, नाहीतर लोकांचे बुकमार्क आणि इतर साइटवरच्या लिंक तुटतात.