इलेव्हन-प्लस : जे शिकवता येत नाही त्याची शिकवणी

इयर फाइव्हच्या, म्हणजे मूल नऊ-दहा वर्षांचं असतानाच्या उन्हाळ्यात भारताची तिकिटं काढायची नाहीत, हा नियम इंग्लंडमधल्या स्लाव, सटन, रेडिंगकडच्या मराठी घरांत आता सगळ्यांना पाठ आहे. घरचं लग्न असलं तरी एकटे बाबा चार दिवस जाऊन येतात. कारण सुट्टी संपताच इलेव्हन-प्लस असते, म्हणजे ग्रामर स्कूलची (परीक्षेतून मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेची) प्रवेशपरीक्षा. पण हा नियम काही फार जुना नाही. पूर्वी ग्रामर स्कूलची परीक्षा बऱ्याच ठिकाणी थंडी पडल्यावर व्हायची. पालक शाळांची यादी आधी भरून देत आणि मूल पात्र ठरलं की नाही ते नंतर कळे. सरकारच्या २०१२ च्या शाळाप्रवेश संहितेने शाळांना सांगितलं, की यादी भरायची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते, त्याआधी निकाल कळवायचा होईल तेवढा प्रयत्न करा. हेतू चांगला होता, पालकांना अंधारात उडी मारायला लागू नये. परिणाम असा झाला, की परीक्षा सप्टेंबरात आली, शाळा उघडल्या उघडल्या. मधल्या सहा आठवड्यांच्या सुट्टीची तयारीची सुट्टी झाली. नाव इलेव्हन-प्लस, बसणारी बहुतेक मुलं दहा वर्षांची.

या परीक्षेबद्दल बोलताना लोक थेट १९४४ च्या शिक्षण कायद्यापाशी जातात. त्या कायद्यात इलेव्हन-प्लस हा शब्द नाही, ग्रामर, टेक्निकल आणि मॉडर्न अशा तीन प्रकारच्या शाळांचाही उल्लेख नाही. मुलाला त्याचं वय, क्षमता आणि कल पाहून शिक्षण मिळावं एवढंच त्यात आहे. त्याचा अर्थ लावायचं काम स्थानिक प्रशासनांकडे गेलं आणि त्यांनी आधीच तयार असलेली हत्यारं उचलली. अकरा हे वय १९२६ च्या एका अहवालाने सुचवलेलं होतं. मुलांच्या बुद्धीचे तीन प्रकार असतात ही समजूत १९४३ च्या अहवालाने पक्की केली होती. आणि चाचण्या तर त्याहून जुन्या होत्या.

त्या चाचण्यांची सुरुवात लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०७ पासून सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांना साधारण चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतल्या मुलांना विनाशुल्क द्याव्या लागत. त्यासाठी अंकगणित आणि इंग्रजीचे पेपर असत. नॉर्थम्बरलँडच्या प्रशासनाच्या लक्षात आलं, की दूरच्या खेड्यांतल्या काही शाळांमधून कुणी पुढे येतच नाही. मुलं मठ्ठ होती असं नाही, शिकवणंच तोकडं पडत होतं. मग एका मानसशास्त्रज्ञाला सांगितलं गेलं, की शाळेत काय शिकवलं त्यावर अवलंबून नसलेली चाचणी तयार करा. १९२१ च्या सुमाराची ही गोष्ट. पुढे एडिनबरोमधून अशा चाचण्या वर्षानुवर्षं तयार होऊन इंग्लंडभर जाऊ लागल्या. म्हणजे 'व्हर्बल रीझनिंग' (शब्दांतून तर्क तपासणारा) नावाचा जो पेपर आज पालकांची झोप उडवतो, तो मुळात शिकवणी न मिळालेल्या मुलासाठी जन्माला आला. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ गप्पच बसलो.

कारण तो पेपर घरी रोज दिसतो. 'सी-ए-टी म्हणजे डी-बी-यू, तर डी-ओ-जी म्हणजे काय?' पहिल्यांदा पाहणारं मूल दोन मिनिटं अडतं. दहाव्या वेळी ते कागदाच्या वरच्या कडेला एबीसीडी लिहून ठेवतं, एकेक घर पुढे सरकतं आणि आठ सेकंदांत 'ई-पी-एच' सांगतं. बुद्धी तीच आहे, फक्त युक्ती कळलेली असते. या पेपरमधल्या प्रश्नांचे एकवीस ठरलेले प्रकार क्लासवाल्यांना तोंडपाठ असतात. महाराष्ट्रात चौथीच्या स्कॉलरशिपला 'बुद्धिमत्ता चाचणी'चा पेपर दिलेल्या आईवडिलांना यात नवीन काही वाटत नाही. त्या पेपरचंही मार्गदर्शक मिळायचं आणि आपण ते घोटायचो.

सराव आणि शिकवणीने या चाचण्यांचे गुण वाढतात, हे इंग्लंडमध्येही १९५० च्या दशकातच अभ्यासातून दिसलं होतं. वाढीचा मोठा भाग पहिल्या थोड्या तासांतच मिळतो, असंही आढळलं. त्यावर तोडगा निघाला तो असा : सगळ्याच मुलांना थोडा सराव द्या, म्हणजे कुणालाच वेगळा फायदा नाही. 'ओळख' आणि 'शिकवणी' ही फोड तिथून सुरू झाली, आणि सगळा गुंता त्या दोन शब्दांतच आहे.

प्रश्न कसे असतात, उत्तरपत्रिका कशी भरायची हे दाखवणं म्हणजे ओळख. ती सर्वांना मान्य. उत्तरं काढण्याच्या युक्त्या घोटून घेणं म्हणजे शिकवणी. तिच्याकडे नाकं मुरडायची. रेघ नेमकी कुठे ओढायची? आमच्या मुलीने पहिला सराव पेपर सोडवला तेव्हा बारावा प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेवर बारावं घर सोडायचं राहिलं. पुढच्या सगळ्या आडव्या रेघा एकेक घर वर. उत्तरं बहुतेक बरोबर, तिथून पुढचे गुण जवळपास शून्य. 'प्रश्न सोडलास की घरही सोड' हे तिला सांगितलं ती ओळख. मग पाच पेपर घड्याळ लावून तेवढ्यासाठी सोडवून घेतले. ती बहुधा शिकवणी.

प्रशासनांनाही ही रेघ सापडलेली नाही. केंटमध्ये सरकारी प्राथमिक शाळांनी या परीक्षेची तयारी करून घ्यायची नाही असा दंडक आहे, तर बकिंगहॅमशरमध्ये प्राथमिक शाळाच मुलांना सराव देतात. केंटचा दंडक खासगी प्रेप शाळांना (फी घेणाऱ्या प्राथमिक शाळांना) लागू होत नाही आणि शनिवारच्या क्लासला तर नाहीच. ज्याच्या घरी फी भरायची ऐपत नाही, त्याच्याच शाळेचे हात बांधायचे, असा हा न्याय आहे.

मधल्या काळातला राजकीय इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात. १९६० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३०० ग्रामर स्कूल होती. १९६५ च्या सरकारी परिपत्रकाने अकराव्या वर्षीची निवड बंद करण्याची स्थानिक प्रशासनांना 'विनंती' केली. हुकूम दिला नाही. त्यामुळेच काही काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) कानाडोळा केला आणि तिथल्या शाळा आजही उभ्या आहेत. परिपत्रक १९७० मध्ये मागे घेतलं गेलं, पण ज्या शिक्षणमंत्रीणबाईंनी ते मागे घेतलं त्यांच्याच कारकिर्दीत सर्वांसाठी खुल्या शाळांच्या सर्वाधिक योजना मंजूर झाल्या. १९९८ च्या कायद्याने नवं ग्रामर स्कूल काढायला बंदी घातली. असलेलं बंद करायचं तर पालकांचं मतदान घ्यायचं ठरलं. असं मतदान एकदाच झालं, २००० मध्ये रिपनला, आणि पालकांनी शाळा राखली. आता इंग्लंडमध्ये १६३ उरल्या आहेत, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये एकही नाही.

मुलींचं मात्र सांगायलाच हवं. अकराव्या वर्षी मुली या चाचण्यांत मुलांपेक्षा पुढे असत आणि जागा त्या मानाने कमी. म्हणून कितीतरी ठिकाणी त्यांची पात्रतेची रेषाच वर ठेवलेली असे. बर्मिंगहॅममध्ये मुलींना मुलांपेक्षा कमी जागा होत्या. हे प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८९ मध्ये तो भेदभाव ठरला. 'परीक्षा फक्त बुद्धी पाहते' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला हे आठवतं.

आता बकिंगहॅमशर. २०१३ मध्ये तिथल्या ग्रामर स्कूलनी जुन्या पद्धतीचा पेपर टाकून दरहॅममधल्या एका विद्यापीठ केंद्राची चाचणी घेतली. एकवीस प्रकार बाद झाले. त्यांच्याऐवजी मोठा शब्दसंग्रह, उताऱ्यांवरचे प्रश्न, शाळेतल्या अभ्यासाजवळचं गणित आणि प्रत्येक विभागाला वेगळी वेळ. 'ट्यूटर-प्रूफ' हा शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी झाला. पावसात भिजत नाही तो वॉटर-प्रूफ, तसा शिकवणीने भिजत नाही तो पेपर.

पहिल्या वर्षांचे आकडे आले तेव्हा काउंटीतल्या सरकारी प्राथमिक शाळांची मुलं आधीपेक्षा कमी प्रमाणात पात्र ठरलेली दिसली, खासगी प्रेप शाळांची जास्त. मला त्यात नवल वाटत नाही. एकवीस प्रकार एखादी चिकाटीची आई वाचनालयातून पुस्तक आणून रात्री स्वयंपाकघराच्या टेबलाशी शिकवू शकत होती. शब्दसंग्रह तसा सहा महिन्यांत येत नाही. तो घरात कोणती भाषा बोलली जाते, जेवताना काय बोललं जातं, कपाटात कोणती पुस्तकं आहेत यांवरून येतो. आमच्यासारख्या घरात मूल 'खडूस' आणि 'चिकट' यांतला फरक बरोबर सांगेल, पण इंग्रजीत कंजूष माणसाला किती शब्द आहेत ते त्याला यादी करूनच पाठ करावं लागतं. शिकवणी टाळायला काढलेल्या पेपरने शिकवणी दोन वर्षं अलीकडे ओढली. क्लास इयर थ्रीपासून सुरू झाले.

शिकवणीला पूर्ण दाद न देणारी चाचणी बनवता येत नाही, हे पुढे चाचणीकारांच्या बाजूनेही मान्य झालं. बकिंगहॅमशर काही वर्षांत जुन्या चाचणीकारांकडे परतलं. २०२२-२३ च्या सुमाराला दरहॅमच्या धाटणीचे कागदी पेपर बंदच झाले आणि बाकीच्यांनाही तोच रस्ता धरावा लागला. शब्दांच्या याद्या मात्र क्लासमधून गेल्या नाहीत.

गुणांबद्दलही एक सांगतो, कारण दर ऑक्टोबरला व्हॉट्सॲपवर त्यावरून गोंधळ होतो. कळवतात ते मूळ गुण नसतात. मुलाचं वय महिन्यांत धरून ते बदललेले असतात, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी जन्मलेल्याला सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेल्याशी, जवळजवळ वर्षाने मोठ्या वर्गसोबत्याशी, सरळ झुंजावं लागू नये. स्लावच्या शाळांना १११ लागतात, बकिंगहॅमशरला १२१. म्हणून तिकडची मुलं दहा गुणांनी हुशार असं होत नाही, दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. आणि १११ मिळाले तरी जागा मिळते असंही नाही. त्यानंतर घर कुठे आहे, भावंड शाळेत आहे का, हे सगळं येतं. इथे 'पास झाली' म्हणून पेढे वाटलेले आणि शाळा कळवण्याच्या दिवशी, १ मार्चला, दुसऱ्याच शाळेचं पत्र आलेलं मी पाहिलं आहे.

२०१६ मध्ये नव्या ग्रामर स्कूलवरची बंदी उठवायचा बेत सरकारने जाहीर केला. त्या सुमाराला या शाळांमधल्या, मोफत जेवणाला पात्र असलेल्या, म्हणजे गरीब घरांतल्या, मुलांचं प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली होतं आणि वादाचा रोख तिथेच राहिला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत बहुमत गेलं, तसा बेतही बारगळला. बर्मिंगहॅमच्या काही शाळांनी मात्र अशा मुलांसाठी जागा राखून पात्रतेची रेषा थोडी खाली आणली. १९२१ मधल्या नॉर्थम्बरलँडच्या मूळ विचाराशी जुळणारं मला यातलं एवढंच दिसतं.

उत्तर आयर्लंडने उलटा प्रयोग केला. तिथे सरकारी परीक्षा २००८ मध्ये शेवटची झाली. ग्रामर स्कूल बंद झाली नाहीत, म्हणून शाळांनीच दोन वेगवेगळ्या परीक्षा सुरू केल्या. दोन्हीकडच्या शाळा हव्या असतील तर मुलाला पाच पेपर द्यावे लागत, तेही शनिवारी. २०२३ मध्ये बहुतेक शाळा एका परीक्षेवर आल्या आणि पेपर पाचावरून दोनावर आले. शनिवार कायम आहेत.